सरूबाईला मुलगे किती

मी अर्जनवीस. बुऱ्हाणपूरच्या तहसील कचेरीबाहेर कडुलिंबाखाली एक सतरंजी, एक बुटकं मेज आणि दौत घेऊन बावीस वर्षं बसलो. लोक मला मुन्शीजी म्हणत. माझं नाव अनंत आहे हे घरच्यांना आणि पोस्टमनला तेवढं ठाऊक. या धंद्यात माणसाचा स्वभाव बिघडतो. दिवसभर भाऊ भावावर, पुतण्या काकावर, जावई सासऱ्यावर अर्ज लिहून घेतो, आणि लिहिता लिहिता आपल्याला वाटू लागतं की सगळं जगच चोर आहे, काहींना फक्त अजून अर्जनवीस भेटलेला नाही. माझी बायको लीला म्हणायची, "तुमच्यापुढे राम-लक्ष्मण आले तरी तुम्ही आधी विचाराल, वाटणी झाली का म्हणून." ती खोटं बोलत नव्हती.

ही गोष्ट एकावन्न सालची, दिवाळीनंतरची. त्या वर्षी मार्चअखेर मालगुजारी गेली. जमीन कसणारा आणि सरकार यांच्यामधला मालगुजार नाहीसा झाला आणि पटवारी गावोगाव नवे कागद करू लागले. त्या कागदात ज्याचं नाव चढेल तो खातेदार, ज्याचं राहील तो राहिला. साहजिकच माझ्या मेजापुढे रांग लागली. मला घरी राजपुऱ्यात जाऊन जेवायलाही वेळ मिळेना आणि मी सगळ्यांवर खेकसू लागलो.

त्या रांगेत दापोऱ्याचा उखर्डू सुतार आला. तीस-एकतीसचा, अंगाने काटक, उजव्या अंगठ्याचं नख उभं चिरलेलं. लहानपणापासून वाकस, म्हणजे लाकूड तासायचं हत्यार, चालवलेले हात लपत नाहीत. मेजापुढे बसला आणि आधी माझ्या मेजाचा हलणारा पाय दाबून बघितला.

"मुन्शीजी, माहं नाव चढत नही," तो म्हणाला. "बाप वारला दोन महिने झाले. पटवाऱ्यानं चावडीत काकीले इचारलं, मुलगे किती? काकी म्हणे एक. गिरधर."

"काकी कोण?"

"माही माय."

मी लेखणी खाली ठेवली. "काकी का माय? एक काहीतरी सांग."

"तेच ते," तो म्हणाला, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

हळूहळू एवढं कळलं. बाप चुडामण सुतार. घरचा मूळ धंदा गाडीची चाकं करायचा. चुडामणच्या आजाने, दगा सुताराने, मालगुजाराला बारा गाड्या करून दिल्या आणि बदल्यात तापीकाठची जमीन कसायला घेतली. चुडामणने त्या जमिनीत केळी लावली तेव्हा गाव हसलं होतं, सुताराने रंधा धरावा, केळी कशाला. पुढे तीच केळी बुऱ्हाणपूरच्या स्टेशनातून दिल्लीपर्यंत जाऊ लागली आणि गावाचं हसू बंद झालं. आता थोरला गिरधर सुतारकाम बघत होता, धाकटा उखर्डू केळी. दहा एकरांतलं प्रत्येक खोड याने स्वतःच्या हाताने लावलेलं. आणि सख्खी आई चावडीत म्हणते, मला मुलगा एकच.

मला सगळं लख्ख दिसलं. थोरल्याने म्हातारीला पढवलं! असे पन्नास अर्ज मी लिहिले होते.

"भावाबद्दल काही लिखू नका हं," उखर्डू म्हणाला. "फक्त माहं नाव लिखा."

मी मान डोलावली, आणि लिहिलं. 'वडील बंधू गिरधर याने वृद्ध व अडाणी मातोश्रीस फूस लावून अर्जदारास हिस्स्यातून बेदखल करण्याचा कट केला असून...' माझी लेखणी एकदा धावू लागली की मला स्वतःलाच आवरत नाही. उखर्डूला वाचता येत नव्हतं. त्याने विश्वासाने अंगठा दिला. पापच ते. तेव्हा मला ते पाप वाटलं नाही, कौशल्य वाटलं.

पंधरा दिवसांनी दोघे भाऊ माझ्यापुढे येऊन उभे राहिले. एकाच गाडीतून आले होते. गिरधर पन्नाशीकडे झुकलेला, पांढऱ्या मिशा, हातात कचेरीची नोटीस. त्याने ती घडी मोडून माझ्यापुढे धरली.

"मुन्शीजी, शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवली. हे फूस म्हंजे काय असते?"

उखर्डू खाली बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

"मी याले कडेवर घेऊन हिंडलो," गिरधर म्हणाला. "अर्धी जमीन याची. मी पटवाऱ्याले दहा डाव सांगतलं. तो म्हणे, कोतवालाच्या जन्माच्या वहीत उखर्डू वल्द सुकलाल लिखेल हाये. आन माय जितीजागती म्हणते का माहा नही. तं मी कसं लिखू?"

"सुकलाल कोण आता?" मी वैतागून विचारलं.

मग गिरधरने कडुलिंबाला पाठ टेकवली आणि सांगितलं. ते त्याने जसं सांगितलं तसं मला सांगता येणार नाही, पण हकीकत अशी.

सरूबाईला पहिला गिरधर झाला, तो जगला. त्यानंतर चार मुलगे झाले. सुतारांच्या घरी दोन-चार वर्षांनी भाट येतो, घराण्याची वंशावळ वाचतो, नवे जन्मलेले मुलगे पोथीत चढवतो, जेवतो, धोतरजोडी घेऊन जातो. चारही वेळा भाट आला, मुलाचं नाव पोथीत लिहिलं, आणि वर्ष फिरायच्या आत मूल गेलं. एक तापाने, दोन हगवणीने, एक झोपेत. सरूबाईने आपला हिशेब केला. गिरधरच्या वेळी भाट आजारी होता, आलाच नव्हता. गिरधरचं नाव पोथीत चढलं ते तो आठ वर्षांचा झाल्यावर. म्हणजे नाव लिहिलं की वरच्याला पत्ता लागतो.

सहाव्या खेपेला मुलगा झाला तेव्हा तिने पाचवीच्या आत त्याला टोपलीत घालून उकिरड्यावर ठेवलं. शेजारच्या सुकलाल पाटलाच्या बायकोने, मनकर्णाने, ठरल्याप्रमाणे त्याला उचललं. मनकर्णाची सहाच्या सहा मुलं जिवंत होती, तिचा पदर भाग्याचा. असं आपल्याकडे पुष्कळ बायका करतात. मूल उकिरड्यावर सापडलं, टाकाऊ आहे, कोणाचं नाही, म्हणून उखर्डू. बाकीच्या बायका महिन्याभरात मूल घरी आणून मोकळ्या होतात. नाव तेवढं राहतं.

सरूबाई मोकळी झाली नाही. मूल तिच्या घरात वाढलं, तिच्याच अंगावर प्यायलं, पण त्याने तिला माय म्हणायचं नाही, काकी म्हणायचं. माय म्हणजे मनकर्णा. कोतवालाच्या वहीत सरूबाईने स्वतः सांगून बापाचं नाव सुकलाल लिहवलं. पोळ्याला नवं कुडतं आलं तरी ते मनकर्णाच्या हातून यायचं. उखर्डूच्या लग्नात वरमाय म्हणून मनकर्णा बसली आणि सरूबाई मांडवात वाढत फिरत होती. तीन वर्षांपूर्वी मनकर्णा गेली तेव्हा उखर्डूने डोकं भादरलं. आणि हे सगळं गावाला माहीत, कोणाला काही विचित्र वाटत नव्हतं. अडलं ते फक्त कागदाशी.

"तुम्ही नंतर लिहून द्या ना अर्धी जमीन," मी गिरधरला म्हणालो.

उत्तर उखर्डूने दिलं. "दान नको मुन्शीजी. उद्या दादाचे पोरं म्हणतीन, आमच्या बापानं दया केली. मले हिस्सा पायजे. मी या घरचा हाये का नही?"

तो ओरडला नाही, पण गिरधरने डोळे पुसले. मला माझ्या अर्जाची एवढी लाज वाटली की मी तो मागे घेऊन, नवा साधा अर्ज फुकट लिहून दिला. आणि कधी नव्हे तो म्हणालो, मी स्वतः येतो दापोऱ्याला, म्हातारीशी बोलतो. म्हातारीचं मन वळवणं हे मला अर्ज लिहिण्याएवढंच सोपं वाटलं होतं. गाढव आपल्याला शहाणंच समजतं.

दापोऱ्याला गेलो तेव्हा सरूबाई कामाच्या पडवीत बाभळीच्या ढलप्या गोळा करत होती. ठेंगणी, वाकलेली, पण नजर तिखट. मागे भिंतीला नुकतं आरे बसवलेलं चाक टेकवलं होतं. उखर्डूची बायको मालूबाई चहा ठेवून आत गेली आणि दाराआड उभी राहिली. मी कायदा सांगितला, मालगुजारी सांगितली, केवढे मोठे राजे-महाराजे सह्या करून आपली राज्यं देऊन मोकळे झाले तेही सांगितलं. तुम्हाला फक्त एक 'हो' म्हणायचंय, म्हटलं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तुमाले लेकरं किती?"

"दोन मुली."

"गेलेलं?"

हे मला कचेरीत कोणी विचारत नाही. "एक," मी म्हणालो. "मुलगा."

"नाव ठेवलं व्हतं?"

"अरविंद."

"मंग," ती म्हणाली, आणि ढलप्या उचलून आत निघाली. दारात थांबून म्हणाली, "माहे चार नावं भाटाच्या पोथीत हायेत मुन्शीजी. जाऊन वाचा. पाचवं मी देनार नही. जमीन गेली तं जाऊ द्या, पोऱ्या पायजे."

मी परत निघालो तेव्हा रस्ताभर माझा राग जिरत नव्हता. तिच्यावर नव्हता तो. अरविंद नाव आम्ही बारशाला किती मोठ्याने उच्चारलं होतं, ते मला आठवत होतं. मी असल्या गोष्टी मानत नाही. तरी आठवत होतं.

पण माझा स्वभाव! हार मानवत नाही. मला वाटलं, बाई बोलत नसेल तर भाट बोलेल. सात पिढ्यांची पोथी ज्याच्याकडे आहे तो साक्षीला उभा राहिला तर नायब तहसीलदाराला ऐकावं लागेल. निंबोल्याला एका सुताराच्या घरी भाट उतरला होता, गोटू नावाचा, त्याला मी दापोऱ्याला बोलावून घेतलं. रीतीप्रमाणे घर सारवलं, पाट मांडला, पुरणपोळीचं जेवण झालं. गोटू भाटाने लाल कापडातली लांबलचक पोथी उलगडली आणि सुरात वाचायला लागला. दगाचा मुलगा आनंदा, आनंदाचा मुलगा चुडामण. दगाच्या मागे अजून चार पिढ्या, रावेरकडून आलेल्या. कोणी मंदिराचं दार केलं, कोणी नाव बांधली, कोणी लढाईत तोफगाड्याचं चाक रात्रीत बदलून दिलं म्हणे. मी ऐकत होतो. सात पिढ्या पुरुषांची नावं, एकाही बाईचं नाही. जणू हे सुतार एकमेकांना लाकडातून कोरून काढत होते.

"चुडामणचे पुत्र," भाट म्हणाला, आणि जरा थांबला. "गिरधर. मंग रामचंदर, वैकुंठवासी. मंग..."

सरूबाईने कानावर पदर ओढला. गेलेल्यांतलं चौथं नाव वाचून होईपर्यंत ती तशीच बसली. भाट पुढे वाचायचा थांबला, कारण पुढे काही नव्हतंच.

"उखर्डू नही?" मी विचारलं.

"बाईनं सांगतलं नही तं मी काय लिखू? म्या दोन डाव इचारलं. ते म्हणे पाटलाचं हाये. पाटलाचा भाट न्यारा." मग त्याने मोठ्या मनाने बोरूला शाई लावली. "आता तुम्ही सगळे म्हणता तं चढवतो. गिरधरभाऊ, सांगा, लिखू?"

गिरधर 'लिखा' म्हणणार तेवढ्यात सरूबाई उठली. एवढ्या चपळाईने ती म्हातारी उठेल असं मला वाटलं नव्हतं. तिने भाटाच्या हातातला बोरू ओढून घेतला, दौत उचलली आणि परसातून थेट केळीत भिरकावली. भाटाच्या नव्या धोतरावर काळे शिंतोडे उडाले. तो बोंबलू लागला की सात पिढ्यांत असा अपमान झाला नाही. त्याला समजावण्यात आमचा तो दिवस गेला. साक्षीला यायचं तर लांबच, तो पुढची तीन वर्षं त्या घरी फिरकला नाही.

मग तारीख लागली.

नायब तहसीलदार दत्तात्रयसाहेब जबलपूरकडून नवे आले होते. पंचविशीचे, चष्मा लावणारे, प्रत्येक कागद दोनदा वाचणारे. आम्ही जुने लोक त्यांना हसायचो. त्यांनी गावातले पाच साक्षीदार ऐकले. सगळे म्हणाले उखर्डू चुडामणचाच. कोतवालाची वही बघितली. तीत उखर्डू वल्द सुकलाल.

"मेरी दिक्कत समझिए," ते माझ्याकडे वळून म्हणाले, मग मराठीत आले. "वही चूक असू शकते. पण आई समोर उभी आहे. तिला बाजूला ठेवून मी पाच शेजाऱ्यांचं कसं ऐकू? बाईंनी एक शब्द म्हणावा, मी आत्ता नाव लिहितो."

सरूबाईला पुढे आणलं. ती पहिल्यांदाच कचेरीत आली होती. तिने साहेबाकडे बघितलं नाही, टेबलावरच्या मोठ्या वहीकडे बघत होती.

"बाई, तुम्हाला मुलगे किती?"

"एक. गिरधर."

"आणि हा?"

"मनकर्णाचा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "असं असेल तर मला शपथेवर विचारावं लागेल. देवाची शपथ घेऊन सांगायचं. खोटं निघालं तर गुन्हा होतो, हे समजावून सांगा यांना."

मी समजावलं नाही. समजावण्याची गरज नव्हती. शपथ म्हटल्यावर तिचे पाय लुगड्याखाली थरथरायला लागले, ते सगळ्यांना दिसत होतं. खोटी शपथ घ्यावी तर देव आहे, खरी घ्यावी तर मुलगा जातो. तिने भिंतीचा आधार घेतला.

उखर्डू ते बघत होता. तो दोन पावलं पुढे आला.

"साहेब, काकीले शपथ नका देऊ. मी अर्ज वापस घेतो. काकी खरं बोलते. मी मनकर्णाचाच हाये."

"अरे गाढवा!" मी भर कचेरीत ओरडलो. शिपायाने माझा दंड धरला. मला खरंच त्याला मारावंसं वाटत होतं. दहा एकर केळी, बायको-पोरं, आयुष्य, सगळं त्या एका वाक्यात त्याने टाकून दिलं होतं, आणि चेहऱ्यावर राग नाही, रुसवा नाही. म्हातारीचे पाय थांबावेत एवढंच त्याला हवं होतं.

दत्तात्रयसाहेबांनी सुस्कारा सोडला आणि टाक दौतीत बुडवला. 'अर्जदाराने अर्ज काढून घेतला' एवढंच लिहायचं बाकी होतं.

"थांबा," सरूबाई म्हणाली.

साहेब थांबले.

"या वहीत आमच्या घरचे नावं किती हायेत?"

साहेबांनी पान बघितलं. "दोन. गिरधर वल्द चुडामण. आणि सरूबाई बेवा चुडामण."

"सरूबाई कोण?"

"तुम्ही. चुडामणच्या विधवा म्हणून तुमचंही नाव आहे. कायद्याने असतं."

तिला ते माहीत नव्हतं. कोणी सांगितलंच नव्हतं. पटवाऱ्याने लिहिलं आणि पुढे गेला. तिने वहीवर वाकून बघितलं. अक्षर ओळखता येत नव्हतं तरी तिने बोट न लावता, हवेतच त्या ओळीवरून बोट फिरवलं.

"हे वही कुठी जाते?"

"इथे राहते. नक्कल खंडव्याला जाते."

"तिथून?"

"कधी लागली तर नागपूरला."

"तिथी मोजतात?"

साहेबांना प्रश्न कळला नव्हता, पण तो पोरगा भला होता. त्याने चेष्टा केली नाही. "हो, मोजतात," म्हणाला. "किती खातेदार, किती नावं."

सरूबाईने बोटांवर काहीतरी मोजलं. कचेरीत बाकीचे पक्षकार कुजबुजू लागले. मग ती म्हणाली, "दोन नावं हायेत. दोनच राहू द्या. माहं काढा, याचं घाला. मोजणाऱ्याले बराबर लागलं पायजे."

"बाई, तुमचं काढायची काही गरज नाही. तीन नावं येतात. पानावर जागा आहे."

"जागा हाये म्हणून भरू नका साहेब," ती चिडून म्हणाली. "मी सांगते तसं करा. एक घातलं तं एक काढाच लागते."

"ठीक. पण यांचं नाव कोणत्या नात्याने घालू? तेवढं तुम्हाला सांगावं लागेल."

आता सुटका नव्हती. तिने मागे वळून उखर्डूकडे बघितलं, असं की जणू तो आत्ताच्या आत्ता तिथे कोसळणार आहे. मग ती टेबलाला वळसा घालून साहेबांच्या अगदी जवळ गेली. शिपाई पुढे सरकला, साहेबांनी त्याला हाताने थांबवलं. तिने तोंडाशी पदर धरला आणि साहेबांच्या कानात सांगितलं. मी टेबलाला लागून उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"माह्या पोटचा हाये. सहावा."

दत्तात्रयसाहेबांनी मान हलवली आणि लिहिलं. मोठ्याने वाचून दाखवायची पद्धत असते. त्यांनी वाचलं नाही. मला वाटतं, त्यांना काय करायचं ते माझ्यापेक्षा आधी कळलं होतं.

हक्क सोडल्याचा कागद मला लिहायचा होता. मजकूर ठरलेला असतो. 'मी सरूबाई बेवा चुडामण, माझा हिस्सा राजीखुशीने सोडत आहे.' मी एवढ्या हजारो वेळा 'राजीखुशीने' लिहिलंय, की तो शब्द मला शाईच्या डागासारखा झाला होता. त्या दिवशी लेखणी अडली. सात पिढ्यांच्या पोथीत जिचं नाव नव्हतं, तिचं नाव जगात या एकाच पानावर होतं, तेही तिला पाच मिनिटांपूर्वी कळलं. आणि ते ती काढून देत होती, मुलगा त्या जागेत लपावा म्हणून. मला रडू आलं. पक्षकारांसमोर, शिपायासमोर, मी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. शाई पसरली म्हणून कागद दुसऱ्यांदा लिहावा लागला.

तिने अंगठा दिला. साहेबांनी वहीतल्या तिच्या ओळीवर पट्टी ठेवून सरळ रेघ मारली. ती रेघ पुरी होईपर्यंत ती बघत होती, आणि पुरी झाल्यावर तिचा चेहरा पहिल्यांदा सैल झाला. गिरधरने तिला धरलं. तिने त्याचा हात बाजूला केला आणि उखर्डूचं मनगट पकडलं, नाडी बघावी तसं घट्ट.

आम्ही बाहेर आलो. गिरधर गाडी जुंपायला पुढे गेला. कचेरीच्या पायऱ्या उतरताना ती त्याचं मनगट सोडत नव्हती. रस्त्यावरून टांगा गेला तर त्याला आत ओढत होती, कडुलिंबाच्या वाळक्या फांदीखालून न्यायला तयार नव्हती. एकतीस वर्षांचा गडी तिच्या मागोमाग आज्ञाधारकपणे चालला होता. माझ्या मेजापाशी आल्यावर तो थांबला. तिच्याकडे वळला.

"माय."

सरूबाईने झटकन त्याच्या तोंडावर हात ठेवला. वर बघितलं, इकडेतिकडे बघितलं. कडुलिंबाखाली आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. तिने हात थोडासा बाजूला केला.

"हळू म्हण," ती म्हणाली. "आखीन एक डाव म्हण."